तबकडीवरचा खरा हात कोणाचा?

प्रश्न : ‘टेन पर्सेंट’ची १२ इंची तबकडी मिळाली. निर्माता आणि रीमिक्स करणारा एकच असतो का?

उत्तर : नाही; लेबलावरील दोन्ही श्रेय वेगवेगळी वाचावीत. डबल एक्स्पोजर या गायकगटाचे हे गाणे बेकर, हॅरिस आणि यंग या निर्मात्यांच्या चमूने फिलाडेल्फियात घडवले. सालसोल या ध्वनिमुद्रिका कंपनीने मात्र १९७६ मध्ये ते रीमिक्ससाठी न्यूयॉर्कचा डीजे वॉल्टर गिबन्स याच्याकडे सोपवले आणि त्याने मूळ ध्वनिमुद्रणातील तालाचे भाग लांबवून ते नऊ मिनिटांपलीकडे नेले. दुकानांत विक्रीस आलेली ही पहिली १२ इंची सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली तबकडी) मानली जाते, म्हणून ती जपाच. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही (तबकडीच्या साच्याचा ओळख क्रमांक) तिरप्या उजेडात पाहावा. पुनर्मुद्रण बहुधा तिथेच ओळखू येते.