आईला घेऊन पहिली क्रूझ: निपाणीकडून निघण्यापूर्वी काय ठरवावे?

आपण लिहिले आहे की, आपले गाव निपाणीजवळ आहे, आईचे वय ६९ आहे, तिला मधुमेह आणि गुडघेदुखी आहे, वडील गेल्यापासून ती कोठेच गेलेली नाही आणि तिला एकदा क्रूझवर न्यावे असे आपल्या मनात आहे. तेव्हा कोणती सफर घ्यावी आणि तयारीला कोठून सुरुवात करावी, असा आपला प्रश्न आहे. मी बेळगावची. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी माझ्या ७१ वर्षांच्या आईला घेऊन मुंबई ते गोवा अशी दोन रात्रींची समुद्रसफर केली. तीच आमचीही पहिली होती, त्यामुळे काय नीट झाले आणि काय चुकले हे मला चांगले आठवते.

माझे मत आधीच सांगते. पहिली सफर दोन किंवा तीन रात्रींपेक्षा मोठी घेऊ नये, ती भारतातल्याच बंदरांची असावी आणि शक्य असेल तर एकेरी असावी, म्हणजे मुंबईला चढून गोव्यात उतरण्याची. आपण सारे जहाज निवडण्यात महिना घालवतो. आईला मात्र खरा त्रास होतो तो जहाजापर्यंत पोचण्यात आणि तेथून घरी परतण्यात. सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना गोवा शेजारी आहे, ही यातली मोठी सोय आहे. मुरगाव बंदरात उतरलात की चोर्ला घाटाने त्याच दिवशी घर गाठता येते. पुन्हा मुंबई, पुन्हा पुणे, पुन्हा रात्रभर गाडी, असा उलटा फेरा आईच्या गुडघ्यांवर पडत नाही. आम्ही उतरल्यावर गाडीने आधी कवळ्याला शांतादुर्गेचे दर्शन घेतले, कारण ती आमची कुलदेवता, आणि मग घाट चढलो. त्या दर्शनामुळे आईच्या मनातली ‘उगाच पैसे घालवायला निघालो’ ही टोचणी पूर्ण गेली. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांची कुलदैवते गोव्यात आहेत. आपलेही तसे असेल, तर हा योग चुकवू नये. मोटारीचा घाट आईला सोसत नसेल, तर वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा असे करत बेळगावला येते, तो प्रवासही सुखाचा आहे.

जाताना मात्र घाई करू नये. जहाज कोणासाठीही थांबत नाही, आणि चढण्याची वेळ ते सुटण्याच्या बरीच आधी संपते. समुद्रसफरींचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि नेमका त्याच काळात आपल्याकडे उसाचा गळीत हंगाम चालू असतो. निपाणी, चिकोडी, कागल या पट्ट्यात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, हे आपल्याला मी सांगायला नको. म्हणून सफरीच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचावे आणि एक रात्र विश्रांती घ्यावी. बेळगावहून रात्रीची रेल्वे आहे, बेळगावच्या सांबरा विमानतळाहून विमानही मिळते. पण सकाळी पोचून दुपारी जहाजावर, असा बेत आईसाठी करू नये. आम्ही दादरच्या नातेवाइकांकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सीने बॅलार्ड पिअरला गेलो. आई ताजीतवानी होती, त्यामुळे टर्मिनलवरच्या दोन तासांच्या रांगा तिला जड गेल्या नाहीत.

महिना निवडताना डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि मे महिन्यात तसेच ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळे उठण्याचा संभव असतो.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाची आहे. देशांतर्गत सफरीला आधार किंवा मतदार ओळखपत्र चालते, परदेशी बंदर असेल तर किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट लागतो. मात्र तिकिटावरचे नाव ओळखपत्रावरच्या इंग्रजी नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्या आईवडिलांची नावे अनेकदा मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत गेलेली असतात. त्या प्रवासात एखादा जादा स्वर लागतो, आडनाव आधी येते किंवा वडिलांच्या नावाच्या जागी नुसते आद्याक्षर येते. माझ्या आईच्या आधारवर आणि मतदार ओळखपत्रावर तिचे नाव दोन वेगळ्या प्रकारे होते. आम्ही कोणते कार्ड न्यायचे हे आधी ठरवले, तिकीट त्याच कार्डाप्रमाणे काढले आणि दुसरे घरीच ठेवले. आपण तिकीट काढण्यापूर्वी आईची सर्व कार्डे एकदा समोर मांडून पाहावीत.

आता खोलीविषयी, कारण माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली. एका एजंटने मला समुद्र दिसणारी खोली म्हणून जी दिली, तिच्या खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली होती. अशा खोल्या स्वस्त असतात आणि त्यात गैर काही नाही, पण ते आधी सांगायला हवे होते, आणि मीही विचारायला हवे होते. त्यामुळे बुकिंग करताना खोलीचा क्रमांक मागावा, जहाजाचा मजल्यांचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर उघडावा आणि ती खोली नेमकी कोठे आहे ते स्वतः पाहावे. ती जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर असावी, कारण हेलकावे तेथे सर्वांत कमी जाणवतात. लिफ्टपासून दूर नसावी, कारण जहाजावरचे बोळ आपल्याला वाटतात त्याहून फार लांब असतात. आणि नाचगाण्याच्या किंवा पोहण्याच्या तलावाच्या मजल्याखाली अजिबात नसावी, कारण तेथे मध्यरात्रीनंतरही ढोल-स्पीकर चालू असतात. पलंग दोन वेगळे मागावेत. भिंतीतून उघडणारी वरची बर्थ असलेली खोली स्वस्त पडते, पण त्या बर्थमुळे खाली उठता-बसता डोक्याला लागते.

पैशांची सोय असेल, तर आईसाठी बाल्कनीची खोली घ्यावी, असे मी आग्रहाने सांगते. तरुण माणसे दिवसभर जहाजभर फिरतात; गुडघे दुखणारे माणूस खोलीत अधिक बसते, आणि बसल्या जागी समुद्र दिसला तर तिचा दिवस भरून जातो. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाजाची उजवी बाजू पश्चिमेला असते, त्यामुळे सूर्यास्त उजव्या बाल्कनीतून दिसतो. पहाटे लवकर उठणाऱ्या आईला मात्र डावी बाजू बरी, कारण सूर्य कोकणाच्या किनाऱ्याकडून वर येतो. आमची बाल्कनी नव्हती, म्हणून मी आईला रोज पहाटे साडेपाचला वरच्या डेकवर नेत असे. त्या वेळी तेथे फक्त फरशी धुणारे कर्मचारी असत.

न्हाणीघर लहान असते आणि त्याला टाचभर उंच उंबरा असतो. पहिल्या रात्री आई त्या उंबऱ्याला अडखळली. सुदैवाने पडली नाही. खिडकी नसलेल्या खोलीत दिवा मालवला की आपला हातही दिसत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा रात्रदिवा घरूनच न्यावा. न घसरणाऱ्या चपला, आणि घरी लागत नसली तरी एक काठी, एवढे घ्यावेच. चाकाची खुर्ची हवी असेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती खुर्ची चढण्या-उतरण्यापुरतीच मिळते.

औषधांचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवते. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच ताब्यात घेतल्या जातात आणि काही तासांनी खोलीपाशी येतात. म्हणून मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या, साखर तपासण्याचे यंत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक वेळ पुरेल इतके बिस्किट हे सारे आपल्या खांद्यावरच्या पिशवीत असावे. इन्सुलिन असेल तर खोलीत फ्रीज आहे का, हे आधी विचारावे. जेवणाच्या वेळा घरच्यापेक्षा उशिराच्या असतात आणि चालणे अनपेक्षितपणे वाढते. या दोहोंमुळे साखर एकदम उतरू शकते, तेव्हा खडीसाखर जवळ असू द्यावी. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांची फी वेगळी द्यावी लागते. घरचा आरोग्य विमा तेथे लागू होतो का, हे विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे.

बोट लागण्याविषयी सर्वांनाच भीती असते. मोठ्या जहाजाला हेलकावे कमी करणारे, पाण्याखालचे पंख असतात आणि हिवाळ्यात समुद्रही शांत असतो, त्यामुळे बहुतेकांना काही होत नाही. तरीही औषधाच्या दुकानातून उलटीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊन आईला देऊ नये. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते, लघवी अडकू शकते, काचबिंदू असल्यास त्रास वाढू शकतो, आणि म्हातारे माणूस गुंगीत पडले तर सफर बाजूलाच राहते. कोणती गोळी आणि किती, हे आईच्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे. आम्हाला आल्याच्या वड्या पुरल्या. मळमळू लागले तर खोलीत पडून न राहता डेकवर यावे आणि लांबवर क्षितिजाकडे पाहावे, याने खरोखर आराम पडतो.

जेवणाची काळजी आपल्याला वाटत असेल, तर ती सोडावी. भारतातून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळते. मात्र घरी शिजवलेले अन्न बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. माझ्या आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. ती टर्मिनलवर ठेवावी लागली आणि तिला ते फार लागले. आईला हे आठवडाभर आधीच समजावून सांगावे, म्हणजे तेथे रांगेत मन मोडत नाही. उपवासाचा वार मधे येत असेल तर तेही बुकिंगच्या वेळी कळवावे. इस्त्री, पाणी तापवायची किटली आणि एक्स्टेन्शनची वायर आगीच्या भीतीने काढून घेतात.

निघण्याच्या आधी माझी आई रात्री दोनदा उठून विचारत होती, ‘पाण्यावर झोप लागती होय गं?’ तिच्या लहानपणी घरात मुंबईहून वेंगुर्ल्याला येणाऱ्या आगबोटीच्या गोष्टी होत्या. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून आधी रामघाटाने आणि पुढे आंबोलीच्या घाटाने वर येत असे, आणि तिच्या आजोबांनी तो मार्ग पाहिलेला होता. त्याच गोष्टींत १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना मुंबईजवळ बुडालेली ‘रामदास’ बोटही होती, जिच्यात सहाशेहून अधिक माणसे गेली. अशी भीती हसण्यावारी नेऊ नये. जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व प्रवाशांची सुरक्षा कवायत घेणे आता आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. २०१२ साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ला झालेल्या अपघातानंतर हा नियम अधिक कडक झाला. पुष्कळ प्रवासी ती कवायत कंटाळत उरकतात. आपण आईला घेऊन तेथे लक्षपूर्वक उभे राहावे, आपली होडी कोणती आणि जीवरक्षक जाकीट कोठे आहे, हे तिला दाखवावे. माझी आई त्यानंतर शांत झोपली.

भाषेमुळे ती एकटी पडेल असे मला वाटले होते. कर्मचारी हिंदी-इंग्रजी बोलत. पण जहाजांवर गोव्याचे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे गोवेकर, पुष्कळ असतात. जेवणाच्या टेबलावरच्या एका मुलाशी आईने कोकणी-मराठीत बोलणे सुरू केले आणि दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा न सांगता आणू लागला. आपण आईला सतत कार्यक्रमांना ओढून नेऊ नये. एका दिवशी एक कार्यक्रम आणि दुपारची झोप, एवढे पुरे आहे. किनारा सुटला की थोड्याच वेळात मोबाईलची रेंज जाते आणि जहाजावरचे इंटरनेट महाग असते, म्हणून घरच्यांना ‘अमुक वेळेपर्यंत फोन लागणार नाही’ असे आधीच सांगावे आणि फोन विमान मोडवर ठेवावा.

खर्चाचे एवढेच सांगते की, जाहिरातीतला दर एका खोलीत दोघे असल्याचे धरून माणशी दिलेला असतो आणि त्यात बंदर शुल्क, सेवा शुल्क व जीएसटी बहुधा नसतात. सर्व धरून लेखी आकडा मागावा.

आपण लक्षद्वीपच्या सफरीचाही उल्लेख केला आहे. तेथील पाणी अतिशय सुंदर आहे, पण मोठे जहाज बेटाला लागत नाही; ते समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना हलत्या लहान होडीत उतरून किनाऱ्यावर जावे लागते. आपल्या आईचे गुडघे चढताना अधिक दुखतात की उतरताना, आणि आधाराशिवाय ती एक उंच पायरी उतरू शकते का, हे कृपया खाली प्रतिसादात कळवावे. ते कळल्याशिवाय त्या सफरीला होय म्हणणे मला योग्य वाटत नाही.