घरचं शिक्षण: खेळ पुरे, की अभ्यासाला बसवायचं?

पत्रं वेगवेगळ्या घरांतून येतात, गोंधळ मात्र तोच. मूल शाळेत न घालता घरी शिकवायचं ठरवलंय, मूल दिवसभर खेळतं, गोष्टी ऐकतं, मजेत आहे. झोप उडालीय ती आईबाबांची. त्यातले काही प्रश्न इथे घेते.

मुलगी सहा वर्षांची. सकाळपासून ती आणि धाकटा भाऊ भातुकली मांडून बसतात. अभ्यास कधी सुरू करायचा? (एक आई, मालाड)

सुरू झालाय. चार बाहुल्यांना सहा चकल्या वाटायच्या ठरल्या की अपूर्णांक आलेच. सामानाची यादी करायची म्हटली की लिहिणं आलं, आणि भांडण झालं की भाषा अशी काही धावते की विचारू नका. तुम्ही कागद, पेन्सिल आणि स्वयंपाकघरातला खरा वजनकाटा त्यांच्या हाताशी ठेवा. मध्येच वाकून ‘मग एकूण किती झाल्या सांग बरं?’ असं विचारू नका. खेळ तिथेच मोडतो. जेवायला बोलावलं तर मात्र जरूर जा, आणि निघताना बिल मागा.

दहा वर्षांचा मुलगा चित्रकथांशिवाय काही वाचत नाही. चालेल का?

चालेल.

आठ वर्षांची मुलगी पावसाळाभर बाटल्यांत पाणी भरत बसते. यातून सगळे विषय शिकवता येतात असं ऐकलं, म्हणून मी पाण्यावरच्या वर्कशीट छापून आणल्या. ती हात लावत नाही. (परळ)

शहाणी आहे. वर्कशीट कपाटात ठेवा आणि एक सरळ उभ्या बाजूंची बरणी काढा, निमुळत्या गळ्याची नको. सोसायटीच्या गच्चीवर, भिंतीपासून लांब ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी घेऊन दोघी वर जा. हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं. शेजारी दुसरी, दुप्पट रुंद बरणी ठेवा. पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीचं का साठलं, हा प्रश्न तिने विचारेपर्यंत तुम्ही विचारू नका. क्षेत्रफळ आणि घनफळ यांतला फरक एरवी पाचवी-सहावीतल्या मुलांनाही पटकन उमगत नाही. इथे तो गच्चीवरच दिसतो.

मग पेपरमधले कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे आपल्या आकड्याशेजारी लिहा. एकाच शहरात दोन वेगळे आकडे कसे? २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला शंभराच्याही आत. ९४४ भिंतीवर पट्टीने मोजून खूण करा आणि तिला शेजारी उभी करा. पाणी कुठवर येतं ते बघून ती गप्प होईल, मग बोलत सुटेल. त्या दिवसाच्या गोष्टी आजीआजोबांकडून ऐकून लिहून घेतल्या की इतिहास आणि मराठीही झालं. भरतीच्या वेळाही छापून येतात. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशीची भरती पन्नासेक मिनिटं उशिरा. आठवडाभर वेळा लिहिल्या तर तिला चंद्राकडे बघायचं कारण मिळतं. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की पाणी समुद्रात उतरत नाही, म्हणून दादर-परळजवळच्या सखल हिंदमाताला तुंबतं. तुमच्या घरापासून ते लांब नाही, आणि मुंबईची सात बेटं भर घालून जोडली तेव्हाचे सखल भाग कोणते, हा भूगोल त्याला लागूनच येतो.

पाऊस सगळं शिकवत नाही. पाढे आणि हस्ताक्षर यांना रोज वेगळी पंधरा मिनिटं लागतात, ती द्या.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की लांबची पाटी वाचताना ती डोळे बारीक करते. ही ओझरती गोष्ट नाही. या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

एका प्रदर्शनात ‘ब्रेन किट’ पाहिलं. डोळे बांधून मुलं रंग ओळखत होती. सहा वर्षांपर्यंतच मेंदू घडतो, मग खिडकी बंद होते, असं त्यांनी सांगितलं. हप्त्यावर घेऊ का? (दहिसर)

नको. डोळ्यांवरच्या पट्टीखाली नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि मूल तिथून बघतं. घरी करून पाहा. वाईट याचं वाटतं की मुलाला तेवढ्यात दोन गोष्टी शिकवल्या जातात: चोरून बघायचं, आणि बघितलं नाही असं सांगायचं. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास पोचतो हे खरं. खिडकी बंद होते हा पुढचा भाग विक्रेत्याचा.

खेळातून शिक्षण ही परदेशी, महाग गोष्ट आहे असा समज कोण पसरवतं कोण जाणे. मुंबईतच जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ सोबत होत्या, आणि साहित्य काय तर दगड, पानं, शंख-शिंपले, बिया. अंगणवाडीची कल्पना त्याच कामातून आली. हप्त्याच्या पैशांत वाचनालयाची वर्गणी भरा. उरलेल्या पैशांत चिंचोके घेतलेत तर घरात मावणार नाहीत. मूल कशात मागे आहे अशी खरोखर शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, स्टॉलवरच्या माणसाला नाही.

घरी शिकवणं बेकायदा आहे का? आणि दहावीचं काय? (ठाणे आणि कांदिवलीहून दोन पत्रं)

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य ठरवलंय. न घातल्यास पालकांना शिक्षा त्यात लिहिलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाला मान्यता देणारं कलमही नाही. ‘सगळं कायदेशीर आहे’ आणि ‘पोलीस येतील’ हे दोन्ही निरोप फॉरवर्ड करणं थांबवा. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिथे किमान वय १४. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षाही तिथे आहेत. राज्य मंडळाकडे खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. अटी आणि तारखा बदलतात, म्हणून मंडळाच्या कार्यालयातच चौकशी करा, आणि ती तेराव्या वर्षी. परीक्षेला चार महिने उरल्यावर येणारे फोन मला दरवर्षी येतात, आणि तेव्हा माझ्या हातात काही नसतं.

मुलगा साडेआठ वर्षांचा. गोष्टी ऐकायला वेडा, पाठ म्हणून दाखवतो, बुद्धिबळात बाबांना हरवतो. पण स्वतः वाचायला बसला की दोन ओळींत उठतो. काना-मात्रा गाळतो, जोडाक्षर आलं की चित्र बघून अंदाज करतो. आमच्या गटातले अनुभवी पालक म्हणतात, वाट पाहा, तयार झाला की आपोआप वाचेल. फिनलंडमध्येही सातव्या वर्षी शाळा सुरू होते. (घाटकोपर)

वाट पाहू नका. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय, तरी पुन्हा सविस्तर लिहिते.

बोलणं मूल ऐकून उचलतं. वाचणं तसं नाही. कुठला आवाज कुठल्या खुणेला जोडलाय, हे बहुतेक मुलांना कोणीतरी दाखवावं लागतं. काहींना थोडं दाखवलं की पुरतं. काहींना तेच हळू, पुन्हा पुन्हा आणि ठरावीक क्रमाने शिकवावं लागतं, आणि ही मुलं मंद नसतात. तुमचा मुलगा बुद्धिबळ जिंकतो म्हणून त्याला वाचनाची अडचण नसेल, असं मुळीच नाही. उलट हुशार मूल पाठांतरावर आणि चित्रांवर बराच काळ निभावून नेतं, म्हणून अडचण उशिरा कळते. फिनलंडमध्ये सातव्या वर्षी शाळा सुरू होते हे खरं, पण ती सुरू झाल्यावर वाचन पद्धतशीर शिकवलं जातं, आणि त्याआधीचं पूर्वप्राथमिक वर्ष तिथे २०१५ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे फक्त ‘सात’ हा आकडा आयात झाला.

शाळेतल्या बाईंच्या समोर एका वयाची पुष्कळ मुलं असतात, त्यामुळे एखादं मागे राहिलं की त्यांच्या लक्षात येतं. घरी तुलनेला कोणी नसतं. घरी शिकवणाऱ्या पालकांनी म्हणूनच जास्त जागं राहायला हवं. दर महिन्याला एक नवा, न वाचलेला परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या, फोनवर आवाज टिपून ठेवा, तारीख घाला. तीन महिन्यांत काही हललं नाही तर ते ऐकू येईल.

तुम्ही मात्र तीन महिने थांबायचं नाही. आधी डोळे आणि कान तपासा. ऐकण्यातला बारीक दोषही वाचनात डोकावतो. मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञांकडून शैक्षणिक मूल्यमापन करून घ्या. मुंबईत सायन आणि नायर या पालिका रुग्णालयांत यासाठी सोय आहे. वेळ मिळायला उशीर लागतो, म्हणून नाव आजच घाला. अध्ययन अक्षमता निघाली तर ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळासारख्या सवलती मिळतात. निघाली नाही तर एक चिंता गेली. रंगीत काचांचे चष्मे आणि मेंदूचे व्यायाम विकणारे मध्ये भेटतील, पुढे चला.

तोवर रोज पंधरा मिनिटं, त्याच्या ताज्या वेळेत, अक्षर-आवाज जोडून वाचन घ्या. ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, त्यातला एकच छोटा परिच्छेद पुरे. रात्रीची गोष्ट तुम्हीच वाचत राहा, आणि बुद्धिबळ शिक्षा म्हणून बंद करू नका. ज्यात तो जिंकतो ते काढून घेतलंत तर त्याच्याकडे फक्त न येणारं वाचन उरेल.

तीन वर्षांच्या मुलाला टॅबवर अक्षरांचे खेळ किती वेळ द्यावेत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं बरं. शेजारी तुम्ही बसायचं. त्याचं बोलणं वयाच्या मानाने कमी असेल तर टॅब बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.

दोन वर्षं घरी शिकवलं. आता मुलीला शाळेत जायचंय, ती नऊ वर्षांची आहे. शाळा दाखला मागते, आणि प्रवेश बंद झाले म्हणते. (चेंबूर)

मुलीलाच जायचंय ना, मग घाला. कायद्याप्रमाणे तिला वयानुसार वर्ग मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. मुदत संपली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधी मुख्याध्यापकांना शांतपणे भेटा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी अडलं तर पालिकेच्या शिक्षण विभागाच्या तुमच्या वॉर्डातल्या अधिकाऱ्यांकडे त्या पोचेची प्रत घेऊन जा.