चहाचा मळा आणि आपले काजू : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (वाळपई) : आमच्या डोंगरउताराची माती जांभ्याची, आम्ल आहे आणि पाऊसही भरपूर पडतो. मग चहा का लावू नये?

उत्तर : मातीची अडचण नाही, चहाला साधारण ४.५ ते ५.५ सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचे माप) मानवतो. उंचीचीही अट नाही, कारण आसामचा बहुतेक चहा सखल भागातच पिकतो. अडचण पावसाच्या वाटणीची आहे. गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ज्या झाडाची कोवळी पालवी हेच पीक, त्याला पुढचा सगळा उन्हाळा पंपाच्या पाण्यावर काढावा लागेल, आणि अशा लागवडीला शाश्वत म्हणणे मला पटत नाही. मळ्यांकडून रोपाऐवजी माती राखण्याची रीत घ्यावी. तिथे उतारावर आडवे चर असतात, सिल्व्हर ओकची विरळ सावली असते आणि छाटणीचा पाला न जाळता झुडपांखालीच पसरतात. आपल्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागेत, झावळ्यांना मात्र अनेकदा काडी लावली जाते.

प्रश्न (सांगे) : काजूचा मोहोर करपतो. हा 'टी मॉस्किटो' आहे, असे सांगण्यात आले. चहामळ्यांत तो कमी फवारणीत आवरतात, ते कसे?

उत्तर : हा डास नव्हे, रस शोषणारा ढेकण्या आहे. चहावर आणि काजूवर त्याच्या जवळच्या जाती आढळतात. कोवळा कोंब उन्हाकडे धरून पाहा : सोंड खुपसल्याच्या जागी तपकिरी, पुढे काळपट पडणारा डाग आणि त्यावर डिंकाचा बारीक थेंब दिसेल. मादी अंडी कोवळ्या देठातच घालते, त्यामुळे चहामळ्यात सात-आठ दिवसांनी होणाऱ्या खुडणीबरोबर पुष्कळशी अंडी मळ्याबाहेर जातात. काजूला ही सोय नाही. म्हणून नवी पालवी फुटताच बागेत आठवड्याला फेरी मारावी, आतल्या दाट फांद्या विरळ कराव्यात आणि बागेजवळच्या पेरूवरही नजर ठेवावी, कारण ही कीड तिथेही पोसते. पाने जोडून घरटी करणारे तांबडे मुंगळे चावतात खरे, पण ते या किडीचे वैरी आहेत. त्यांची घरटी मोडू नयेत. फवारणी टाळता येत नसेल तर पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन टप्प्यांवर, शिफारशीतलेच औषध वापरून करावी. मोहोराच्या दिवसांत मधमाश्या फिरत असताना तर मुळीच करू नये.

प्रश्न (मडगाव) : सेंद्रिय चहाला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

उत्तर : भाजी आपण धुऊन घेतो, चहाचे पान मात्र खुडल्यावर न धुताच सुकवणीला जाते. तेवढ्यासाठी मी पैसे मोजतो, पण पाकिटावर 'जैविक भारत' किंवा 'इंडिया ऑरगॅनिक' ही प्रमाणित सेंद्रिय मालाची खूण पाहूनच. 'नैसर्गिक' या नुसत्या शब्दाला तसा आधार नसतो.