४▢▢७ ला ९९ नं पूर्ण भाग जातो. गाळलेले अंक मुलांनी मिळून कसे शोधावेत?

उत्तर ४२५७, पण ते आधी सांगू नका. कोल्हापुरात शिवाजी पेठेत मी शिकवणी घेते, तिथं हेच गणित चौघांत वाटून दिलं. ९९ म्हणजे ९ × ११, म्हणून एका जोडीला ९ ची कसोटी (अंकांची बेरीज ९ च्या पटीत हवी): ४ आणि ७ मिळून ११, म्हणून उरलेल्या दोघांची बेरीज ७ किंवा १६. दुसरीला ११ ची (एकाआड एक अंकांच्या दोन बेरजांतला फरक ० किंवा ११ च्या पटीत हवा): तिसरा अंक दुसऱ्यापेक्षा ३ नं मोठा, नाहीतर ८ नं लहान. एकट्या जोडीला उत्तर मिळतच नाही, म्हणून हे गणित मला फार आवडतं. शेवटी वह्या एकमेकींना चिकटल्या. "१६ घेतलं तर अंक १२ येतोय की!" म्हणत एकीनं १६ खोडला. उरले २ आणि ५. पडताळा: ९९ × ४३.