उंबऱ्यातून भेट होत नसते

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आशा म्हणून ॲपातल्या नोंदी पुऱ्या करू की नव्या बाळाला घरी बघायला धनगरवाडा चढू, आणि जुन्या बायका म्हणतात ‘फोनवर विचारून भर’, तर करू काय? आत जा. उत्तर एवढंच. पुढचं मी माझ्याच समाधानासाठी लिहितेय.

फोन कोण उचलतं? सासू. “बाळ ब्येस हाय” म्हणते. खोटं बोलत नाही ती, तिला तसंच दिसतं. पण श्वास मोजायला झबलं वर करावं लागतं. बाळ शांत असताना पोटाकडं बघत, घड्याळावर पुरतं एक मिनिट. अर्धं मोजून दुप्पट करशील तर याद राख. एवढ्याशा जिवाचा श्वास एका चालीनं चालत नाही. साठ किंवा जास्त आले तर परत मोज. परत तेवढेच आले तर गाडी बोलाव. पाय गार आहेत का, बेंबीला काही फासलंय का, शेगडीचा धूर खोलीत कोंडलाय का, हे फोनवर कोण सांगणार तुला?

बाळ तीन दिवसांचं असताना जाशील तेव्हा अडवतीलच. पाचवी झाल्याबिगर बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचं कुणी नको म्हणतील. वाद घालू नको. त्यांच्यादेखत साबणानं हात धू आणि आत जा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घराघरात बाळं जगवली, तेव्हा कुठं २०११ पासून हे काम आशांकडं आलं. ते उंबऱ्यातनं झालेलं नाही.

सहा भेटींचे मिळून २५० रुपये, म्हणून चिडतेस. चिडायलाच पाहिजे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला, तरी पगार काही सुरू झाला नाही. मोर्चा काढा, मीही येते. पण त्याची वसुली बाळाच्या भेटीतनं करू नको.

मी गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, असताना मला ताठ म्हणायचे. न झालेल्या भेटीवर सही करत नव्हते, त्यावरनं बोलणी खाल्ली. लेकीच्या बाळंतपणात मी गगनबावड्याच्या पावसात दुसरीच्या घरी होते. ती अजून ऐकवते. वाईट वाटतंच. तरी तिच्या उशाशी कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्याचे डॉक्टर होते, त्या वाडीवर कोण होतं? पुन्हा वेळ आली तर तिथंच जाईन. तिला हे पटत नाही, न पटू दे.

आणि ते ऊसतोडीचं पाल. ‘आपल्या यादीत नाही’ काय म्हणतेस? बीडची बाई असली तरी हंगाम संपेपर्यंत तुझ्याच हद्दीत आहे. आई-बाळाचं कार्ड तिकडचं असेल, त्यातच वजन लिही. फक्त आधी काटा शून्यावर आण. तुझा काटा जास्त दाखवतो, मागच्या खेपेला बघितलंय मी.

तुझी ताई