आठ माणसे, चौघांचे काम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या अंबड भागातल्या कारखान्यात पॅकिंगची शिफ्ट तुझ्या हाती आली आणि पहिल्याच पत्रात तू लिहिलेस, की माणसे आठ असूनही काम चौघांचेच निघते. फ्रेंच कृषी अभियंते मॅक्सिमिलिअन रिंगेलमान यांनी दोर ओढण्याचे प्रयोग केले, तेव्हा त्यांनाही हेच दिसले होते. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार आठ जणांनी मिळून लावलेला जोर त्यांच्या एकेकट्या जोराच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा भरला.

मात्र ही सगळी तूट कामचुकारपणाची नसते. खोके भरून पुढे येईपर्यंत टेप लावणारा रिकामा उभा राहत असेल, तर दोष कामाच्या मांडणीचा आहे आणि तो रागावून सुटणार नाही. तो दूर केल्यावरही जी ढिलाई उरते, तिच्यामागे बहुधा आपले काम वेगळे दिसतच नाही ही जाणीव असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बिब लाटाने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये टाळ्या व आरोळ्यांवर केलेल्या प्रयोगांत गट वाढला तसा प्रत्येकाचा जोर उतरत गेला. पुढे, १९८१ मध्ये, प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र मोजला जात असल्याचे सहभागींना कळले, तेव्हा ती घट उरली नाही.

आपल्या जिल्ह्यातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग ‘अपेडा’ या शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीतून थेट नोंदणीकृत बागेपर्यंत लावता येतो, तुझ्या खोक्याचा माग मात्र विभागाच्या दाराशीच संपतो. म्हणून त्या आठ जणांना दोन टोळ्यांत विभाग, खोक्यावर भरणाऱ्याचा क्रमांक येऊ दे, आणि ग्राहकाकडून माल परत आला तर तो ज्यांनी भरला त्यांनाच दाखव. सीसीटीव्ही वाढवण्याचा मोह टाळ. त्याने माणसे हलताना दिसतात, काम वाढतेच असे नाही.

सर्वांत जास्त लक्ष तुझ्या चांगल्या कामगाराकडे असू दे, कारण शेजारच्याचे ओझे आपल्याच माथी येते हे कळले, की तोही मुद्दाम हात आखडता घेतो, आणि तसे झाले तर शिफ्ट सावरणे फार कठीण जाते. नोंदी सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस कोणालाही जाब विचारू नकोस, नाहीतर आकडे भीतीपोटी लिहिले जातील आणि तुझ्या हाती खरे काहीच लागणार नाही.