मोंढ्यात मोझांबिक चालतं, मग मुलीच्या डोक्यात का नको?

(पत्र थोडक्यात: वडिलांचं लातूरच्या मोंढ्यात अडत दुकान. मुलगी परभणीला बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला. सेमिनारसाठी तिनं आफ्रिकी देशांच्या सामाईक शेती धोरणाचा विषय घेतला आणि आता त्यातच पुढं शिकायचं म्हणते. वडिलांना ती एमपीएससीतून कृषी अधिकारी व्हायला हवी आहे. 'आफ्रिकेत काय ठेवलंय, तुम्हीच तिला समजावा,' अशी त्यांची विनंती.)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मुलीचे सगळ्या सेमिस्टरचे मार्क आहेत, तिच्या मामेभावाचं पोस्टिंग आहे, सांगून आलेलं एक स्थळही आहे. ती स्वतः काय म्हणते याची एक ओळ नाही, आणि तिच्या आईचं मत तर सापडतच नाही. 'एकच अटेंप्ट देतो, नाही निघाली तर मे महिन्यात बार उडवून टाकू' हे वाक्य तुम्ही बाजारभाव कळवावा तसं लिहून गेलात. मी तिथंच अडकलो. लग्न ही परीक्षेत नापास झाल्याची शिक्षा आहे, असं तुम्ही घरात जाहीर करून टाकलंय. अशा धाकात वाचणारी मुलगी पुस्तक उघडून बसते, डोळे मात्र कॅलेंडरवर असतात. त्यात 'अभ्यास व्हावा म्हणून' तिचा मोबाईल तुमच्या गल्ल्यात. विशी ओलांडलेली मुलगी आहे ती. आधी फोन परत द्या आणि मे महिन्याचा विषय बंद करा. एवढं होत नसेल तर माझा पुढचा सल्ला वाचून उपयोग नाही.

तुम्ही तिला समजवायला सांगितलंय. मी तुम्हालाच समजावणार आहे.

'आफ्रिकेत काय ठेवलंय' हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर चाललं असतं. तुम्ही अडते आहात! ऑगस्ट-सप्टेंबरपासून मोझांबिक, मलावी, टांझानियाची तूर जहाजांवर चढू लागली की आपली नवी तूर मोंढ्यात यायच्या आधीच दर हलतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? भारतानं मोझांबिकशी 2016 मध्ये तुरीच्या आयातीचा करार केला, 2021 मध्ये मलावीशी वेगळा. तीन शेजारी देश, माल तोच, मोठं गिऱ्हाईक एकच, आणि सौदा ज्याचा त्यानं करायचा. हे देश उद्या एकत्र बसून भारताशी बोलले तर लातूरच्या सौद्यावर काय होईल? तुमच्या मुलीचा विषय हाच आहे. तिला तो सेमिनारच्या कागदांत सापडला असेल, पण पोत्यांच्या थप्प्यांमध्ये ती लहानाची मोठी झाली आहे.

आता तिचाही एक गैरसमज काढायला हवा, कारण तुम्ही जोडलेल्या सेमिनारच्या टिपणात ती जाहीरनाम्यांच्या प्रेमात पडलेली दिसते. 2003 मध्ये मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला, आफ्रिकी नेत्यांनी ठरवलं की प्रत्येक देशानं बजेटचा किमान 10 टक्के पैसा शेतीला द्यायचा. 2014 मध्ये इक्वेटोरियल गिनीतल्या मलाबोला आणखी शपथा झाल्या: 2025 पर्यंत भूक संपवायची, आपसातला शेतमालाचा व्यापार तिप्पट करायचा. दर दोन वर्षांनी प्रगतिपुस्तकही ठेवलं, हे मात्र कौतुकाचं. 2018 च्या पहिल्या आढाव्यात 47 पैकी 20 देश या शपथा पाळण्याच्या वाटेवर होते, 2020 मध्ये 4 उरले आणि 2022 मध्ये एकटं रवांडा. 2025 च्या जानेवारीत युगांडातल्या कंपालाला पुढच्या दहा वर्षांचा नवा जाहीरनामा आला. तिच्या टिपणात तारखा अचूक आहेत, पण असं का झालं याबद्दल एक अक्षर नाही. मलावीनं काही वर्षं 10 टक्क्यांची रेघ ओलांडली, पण त्यातला मोठा वाटा खत-बियाण्याच्या अनुदानात गेला. आकडा पुरा झाला आणि रस्ते, संशोधन, विस्तारसेवा यांच्या वाट्याला उरलंसुरलं. खरं सहकार्य ट्रकच्या रांगेत कळतं. 2021 च्या मार्चमध्ये केनियानं युगांडा आणि टांझानियाचा मका अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचं कारण देऊन अडवला. तिन्ही देश एकाच पूर्व आफ्रिकी समुदायाचे. काही दिवसांत बंदी उठली, पण मालासोबत विषाचं प्रमाण 10 पीपीबीच्या (अब्ज भागांत 10 भागांच्या) आत असल्याचा दाखला लागेल अशी अट आली. दाखला देणारी लॅब कुठं, नमुना कोणी काढायचा, छोट्या शेतकऱ्याच्या पाच पोत्यांचा खर्च कोणी सोसायचा? धोरणाचं काम म्हणतात ते हे.

आणखी एक, तिला कटू वाटेल. आदिस अबाबाच्या आफ्रिकन युनियनच्या कार्यालयात तिला नोकरी मिळणार नाही. तिथल्या जागा सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात, आणि ते रास्तच आहे. तिची वाट तुरीवरून जाते. तिनं कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. करावं, संख्याशास्त्र आणि धान्याच्या दर्जाचे नियम पक्के करावेत. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे. तूर हे त्यांच्या मुख्य पिकांपैकी एक आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेत त्यांचं काम चालतं. तिथं विद्यार्थी म्हणून प्रबंधाचं काम मिळतं का, हे तिनं विचारावं. मोझांबिकची भाषा पोर्तुगीज. गोवा विद्यापीठात त्या भाषेचा विभाग आहे. इंग्रजीवर भागेल असं समजणाऱ्या दहा जणांच्या पुढं ती तिथंच जाईल.

प्रवेशासाठी राज्याची पीजी सीईटी आणि आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा, दोन्ही द्याव्यात. एमपीएससीची कृषी सेवा तिला हवी असेल तर ती परीक्षा एम.एस्सी. नंतरही देता येते. नोकरी चांगली आहे, पण ती तुमची इच्छा आहे आणि पत्रात तुम्ही ती तिची म्हणून लिहिली आहे.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्यात तिनं एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: 2023 मध्ये निर्यातदारांच्या भांडणात मोझांबिकच्या 'नाकाला' बंदरात भारतासाठीची तूर अडकली, तेव्हा तोटा कोणाला किती झाला, तिकडच्या शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला की आपल्या डाळमिलला? त्यासाठी तिला मिलवाल्यांशी बोलावं लागेल. ओळख तुम्ही करून द्या. प्रश्न ती विचारेल, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.